तीन वीसची शिरपूर

नाही हो ताई, ती शिरपूर नव्हे, ती चोपडा — पाटी बघत जा की जरा, लाल डबा दिसला की धावत सुटायचं असं असतं का? पडाल एखाद्या वेळी. या, इकडं या, या खिडकीजवळच्या बाकावर बसा. इथं सावली आहे, आणि माझ्या डोक्यावरचा पंखा थोडा वारा तुमच्याकडंही फेकतो — फेकतो म्हणजे काय, नुसता आवाज करतो, पण आवाजानंही माणसाला बरं वाटतं. लोणपिंप्रीला जायचंय म्हणालात ना मघाशी? तापीचा पूल ओलांडल्यावरची, शिरपूरच्या अलीकडची लोणपिंप्री? नाही, सहज विचारलं. सहजच. भाऊ घ्यायला येणार आहे, साडेबाराच्या गाडीनं येणार होता आणि आला नाही, म्हणून तुम्ही दर गाडीला उठताय आणि दर गाडीला बसताय. काय म्हणालात? गाडी बंद पडली असेल? — हे बघा, राग मानू नका, पण हे वाक्य माझ्यासमोर बोलायचं नाही. मी इथला कंट्रोलर आहे. सकाळी सहापासून या खुर्चीत बसलोय, शिरपूर रस्त्यावर आज एकही गाडी बंद पडलेली नाही. साडेबाराची बारा सत्तावीसला आत आली, माझ्याच हातानं लिहिलंय, तीन मिनिटं आधी! तुमचा भाऊ तिच्यात नव्हता. नव्हता तर नव्हता, तीनच्या गाडीत असेल. तीच गाडी तीन वीसला उलटी शिरपूरला जाते, दोघं तिच्यातच बसून जा. आज निघताय ते बरं करताय. परवा आखाजी, कॅलेंडरवरची अक्षय्य तृतीया, आणि उद्या अख्ख्या खानदेशातल्या लेकी माहेरी निघतात आणि त्या सगळ्या माझ्या या खिडकीशी येऊन विचारतात, भाऊ, आमची गाडी कुठं लागली? आता कुठं लागणार, रोज लागते तिथंच लागली.

थांबा हां, एक मिनिट. — चोपडा, चोपडा जाणाऱ्या प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, चोपडा गाडी फलाट क्रमांक दोनवरून सुटत आहे. — हं. या माइकमध्ये माझा आवाज कसा येतो? बायको म्हणते, घरीसुद्धा तुम्ही असंच बोलता, कृपया लक्ष द्यावे.

हे? हे काही नाही. हे ऑफिसचं नाही. अहो, वाकून काय बघताय — बरं, बघितलंत तर बघितलंत. कादंबरी आहे. मी लिहितो. हसा, हसा, सगळे हसतात. डेपोत मला कविराज म्हणतात आणि मी जन्मात एक कविता केलेली नाही. जुन्या लॉगशीट रद्दीत जातात ना, त्यांची मागची बाजू कोरी असते, त्यावर लिहितो. एका बाजूला डिझेल किती भरलं, टायर कधी बदललं, आणि दुसऱ्या बाजूला तिच्या गालावरची बट वाऱ्यानं उडाली. नऊ कादंबऱ्या छापून आल्यात माझ्या, जळगावला अभिमनभाऊ म्हणून प्रकाशक आहेत, त्यांच्याकडून. कुठल्या? तुम्ही वाचता? वाचनालयातून नणंद आणते? — मग कुमारी शैलजा हे नाव वाचलं असेल कधी. वाचलंय! बघा. तर कुमारी शैलजा म्हणजे मी. मिशांकडं बघू नका. अभिमनभाऊंचं म्हणणं, बाईचं नाव असलं की बायका घेतात, कुमारी असलं की पुरुषही घेतात. आता त्याला माझा काय इलाज?

ही दहावी. ही जरा वेगळी आहे, आणि हिनंच माझा जीव खाल्लाय. दीड वर्ष झालं बघा. अभिमनभाऊ म्हणाले, आता टीव्ही आला, लोकांना नुसतं बागेतलं प्रेम पुरत नाही, काहीतरी चमत्कार टाका. हिरोला मागच्या काळात पाठवा. मागच्या काळातली एक पोरगी, पुढच्या काळातला हा, दोघांचं जमतं आणि शेवटी तो तिला घेऊन पुढं येतो, एकशे साठ पानं, दर वीस पानांनी एकदा हात हातात. मी म्हटलं, मागं कसा पाठवू? तर म्हणाले, तुम्ही एवढी वर्षं माणसं इकडून तिकडं पाठवताय, एवढं जमणार नाही? गंमत केली त्यांनी. पण माझ्या डोक्यात बसली. म्हटलं, खरंच की, बसनंच पाठवू! एस.टी. असते, पाटी कोरी असते. अमळनेर स्टँडवर भर दुपारी लागते, कोणाला दिसत नाही, ज्याला मागं जायचंय त्यालाच दिसते. वाटेतल्या पुलावर आली की वर्ष बदलतं. पुलाच्या अलीकडं एक्याण्णव, पलीकडं एकोणसत्तर. कसं आहे? चांगलं आहे ना? मलाही तेव्हा फार चांगलं वाटलं होतं.

एकोणसत्तरच का? असंच. आकडा बरा वाटला.

तर हिरो कोण, बँकेतला कारकून, प्रभाकर नाव. हिरोईन मंदाकिनी, धुळ्याला गल्ली नंबर पाचमध्ये राहते, संध्याकाळी पांझरेच्या काठी फिरायला येते, तिथं हा तिला भेटतो. सगळं ठरलं होतं हो. लग्नाची यादी करावी तसं वहीत मांडून ठेवलं होतं. आणि मी कामाचा माणूस आहे, माझ्यात उगाच काही चालत नाही, मी नियम घातले. प्रभाकर तिकीट काढणार, तर त्याच्या खिशातली नाणी चालणार नाहीत, कारण नाण्यावर साल असतं. एकोणसत्तरचा कंडक्टर अठ्ठ्याऐंशी सालचा रुपया बघून काय म्हणेल? म्हणून मी महिनाभर सोमवारच्या बाजारात जुनी नाणी धुंडाळली, त्या सालच्या आधीची, आणि ती प्रभाकरच्या खिशात टाकली — म्हणजे कागदावर. खरी माझ्याकडंच आहेत, इथं ड्रॉवरमध्ये. दुसरा नियम, परतीची गाडी एकच, सहा दहाची, ती चुकली की माणूस तिथलाच झाला. आणि तिसरा नियम, तिथलं काही खायचं नाही. घोटभर पाणीही नाही. खाल्लं की तिथला. हा नियम फार कामाचा होता बरं का — मंदाकिनी त्याला स्वतःच्या हातानं पेढा भरवायला जाते, तिच्या बोटांत पेढा, आणि हा तोंड फिरवतो! तिला वाटतं, याचं प्रेम नाही. याच्या डोळ्यांत पाणी. अभिमनभाऊ हे ऐकून खुर्चीतून उठले होते.

मग अडलं कुठं? — तेच तर सांगतोय. प्रभाकर धुळ्याच्या गाडीत बसेना. तुम्हाला वाटेल म्हातारचळ लागला याला. पण मी लिहायला बसतो, त्याला स्टँडवर आणतो, धुळ्याच्या फलाटावर उभा करतो, गाडी लागते, दार उघडतं, आता पाय उचल आणि चढ बाबा — आणि हा चालत चालत पलीकडं जातो आणि शिरपूरच्या गाडीत बसतो. चार वेळा लिहिलं. चार वेळा फाडलं. मंदाकिनी बिचारी तिकडं पांझरेच्या काठी दीड वर्ष उभी आहे. अभिमनभाऊ म्हणाले, शिरपूरला काय आहे हो? मी म्हटलं, त्याची बहीण. म्हणाले, बहीण कुठून आली? यादीत बहीण नव्हती. खरंच नव्हती. ते म्हणाले, हिरोईन वाट बघतेय आणि हा बहिणीकडं जातो, हा काय हिरो झाला? रक्षाबंधनाचा अंक काढायचाय का आपल्याला?

थांबा. — धुळे, धुळे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे. — बघा, लागली. बसतं का कोणी कादंबरीतलं? नाही.

बहिणीकडं काय होतं सांगू? तेही लिहून पाहिलं ना मी, म्हटलं, जातोयस तर जा बाबा, एकदा जाऊन ये, मग तरी धुळ्याला जाशील. तर प्रभाकर पूल ओलांडतो. लोणपिंप्रीला — म्हणजे त्या गावाला उतरतो. थांब्यावर चिंच आहे मोठी. आहे ना अजून? आहे. मला वाटलंच, चिंच कुठं जाते. चिंचेखाली ती उभी. हिरवं लुगडं, नवीन, अजून घडी न मोडलेलं, हातात पत्र्याची पेटी, लग्नाला पुरं वर्ष झालेलं नाही, पहिली आखाजी. पहिली आखाजी म्हणजे तुम्हाला वेगळं सांगायला नको. भाऊ घ्यायला गेल्याशिवाय सासरचे पाठवत नाहीत, आणि आपणहून गेली तर माहेराला काय किंमत राहिली. तर ती उभी. हा उतरतो. ती त्याला घरी नेते, पाट मांडते, ताट वाढते, आणि याला खाता येत नाही! माझाच नियम! त्या मंदाकिनीच्या पेढ्यासाठी घातलेला! ती ताटाकडं बघते, याच्याकडं बघते आणि म्हणते, तुले राग उना का रे भाऊ? — तिथं मी पेन खाली ठेवलं. इथंच, या टेबलावर. त्या दिवशी साक्री गाडी सात मिनिटं उशिरा सुटली माझ्यामुळं. अठरा वर्षांच्या नोकरीत तेवढीच एक.

मग नियम काढून टाकला. म्हटलं, खा बाबा, पोटभर खा. तर गोष्टच बसेना. भीतीच गेली ना त्यातली. सगळं खाता येतं, सगळं मिळतं, कधीही जाता येतं, मग वाचणाऱ्यानं कशाला पान उलटायचं? लिहिणं फार वाईट काम आहे हो ताई. तुम्हाला वाटतं मनाला येईल ते लिहायचं. तसं नसतं. आपणच घातलेलं कुंपण आपणच ओलांडायला गेलो की काटा पायात मोडतो.

मग तिसऱ्या वेळी काय केलं, प्रभाकरला बहिणीकडं पाठवलंच नाही. म्हटलं, मुळावरच जाऊ. पुलाचाही नियम मोडला, त्याला अमळनेरमध्येच उतरवला, एकोणसत्तरच्या अमळनेरात, दुपारी अडीच वाजता, आमच्या — त्याच्या जुन्या घरी. बाहेर निंबाला झोका बांधलेला, नवा दोर. मायनं बांधलेला, लेक येणार म्हणून. दाराशी सांजोऱ्यांचं गाठोडं. आणि आत टेबलाशी बावीस वर्षांचा एक पोरगा पाठ करून बसलाय, लिहितोय. तो तोच. म्हणजे तरुण प्रभाकर. हा मागं जाऊन उभा राहतो आणि म्हणतो, ऊठ रे, गाडी सुटेल, तीन वीसला आहे. पोरगा वर न बघता म्हणतो, हो, एवढा परिच्छेद होऊ दे. हा पुन्हा म्हणतो. तो पुन्हा म्हणतो, एवढा परिच्छेद. हा ओरडतो, खांद्याला धरून हलवतो, दौत उपडी करतो — मी सगळं करून बघितलं ताई, मी त्या पोराच्या थोबाडीतसुद्धा मारून बघितली — पण तो काही उठत नाही. उठणारच नाही. मला माहीत आहे ना तो उठत नाही ते. माय येऊन सांगून गेली होती दोनदा, ऊठ ना रे दादा, गाडी चालनी जाई. तिचं ऐकलं नाही, तर बेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांच्या कुठल्या परक्या माणसाचं तो काय ऐकणार!

प्रभाकर. प्रभाकरचं सांगतोय मी.

बघता काय अशा? — बरं. नसेल प्रभाकरचं. तुम्ही लोणपिंप्रीच्या आहात म्हणून मी तुम्हाला सावलीत बोलावलं, हे तुम्हाला केव्हाच कळलंय, तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. बायकांना कळतं. अहो, ती माझी पहिली कादंबरी होती. अठ्ठावीस दिवस लिहीत होतो आणि त्या दुपारी नेमके त्यातले दोघं पहिल्यांदा एकमेकांशी बोलायला लागले होते. आता उठलो तर बोलायचे थांबतील, असं वाटलं मला. एवढंच वाटलं. मान वर केली तेव्हा पावणेचार झाले होते. म्हटलं, पाचची धरू. पाच वाजता म्हटलं, आता रात्री कुठं जायचं, सकाळी जाऊ. सकाळी आखाजी. सणाच्या दिवशी लेकीला कोणी वाटेवर घालत नाही. आणि त्या सांजोऱ्या ना — तिच्या सासरी न्यायला बांधलेल्या — त्या संध्याकाळी मीच खाल्ल्या. भूक लागली होती. लाज वाटायला पाहिजे होती, पण भूक लागली होती, दिवसभर लिहिलं होतं ना. माय बघत बसली. दुसऱ्या दिवशी तिनं झोका सोडला.

आणि ती कादंबरी कोणी छापलीही नाही. कुठं आहे तीही माहीत नाही.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. चूक झाली, माफ कर बेबा, म्हटलं असतं, ती रडली असती, चार शिव्या दिल्या असत्या, झालं असतं. बेबा नाव तिचं. पण मी शहाणा. मी पत्र पाठवलं. काय लिहिलं पत्रात? लिहिलं, मी निघालो होतो, पण गाडी बंद पडली. आता कळलं का, तुम्ही मघाशी ते वाक्य बोललात तेव्हा मी का खेकसलो? फार चांगलं पत्र होतं हो, लेखकाचं पत्र, रेडिएटरमधून वाफ कशी निघत होती तेसुद्धा लिहिलं होतं. पुढच्या वर्षी घ्यायला जायला निघालो, या स्टँडपर्यंत आलो, गाडीत चढलो नाही. एक वर्ष चुकलं की दुसऱ्या वर्षी तोंड होत नाही, आणि दुसरंही चुकलं की मग तिसऱ्याचा प्रश्नच येत नाही, मग ते तसंच पडून राहतं. माय गेली तेव्हा बेबा आली होती. अंगणात उभी राहिली, उंबरा ओलांडला नाही. मायचं तोंड अंगणातून बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि गेली. आणि तिचा मालक, सुकदेवराव, फार साधा माणूस, कधी मोठ्यानं बोललेला नाही — तो जाताना माझ्याजवळ आला आणि एवढंच म्हणाला, मी थांबावर व्हतू भाऊ. गाडी उनी. टाईमवर उनी.

टाईमवर उनी! तिला माहीत आहे ताई. बावीस वर्षं तिला माहीत आहे की गाडी आली, तिच्या पुढ्यात थांबली, दार उघडलं, आणि मी उतरलो नाही.

हे बघा. हे दाखवतो तुम्हाला, कोणाला दाखवलं नाही. चार वर्षांपूर्वी माझी बदली इथं झाली, तेव्हा माळ्यावरची जुनी रजिस्टरं रद्दीत काढत होते. मी बसून शोधलं. एकोणसत्तर, आखाजीचा आदला दिवस — हा कागद. पिवळा पडलाय. वाचता येतं? अमळनेर–शिरपूर, सुटण्याची वेळ तीन वीस, प्रत्यक्ष सुटली तीन वीस, शेरा — वेळेवर. कोणीतरी माझ्यासारखाच कंट्रोलर, त्याच्या हातचं. हा कागद मी कादंबरीच्या वहीत ठेवतो. आणि आता तीच गाडी, तीच वेळ, रोज मी स्वतः सोडतो. रोज लिहितो, तीन वीस, वेळेवर. सत्तावन्न किलोमीटर आहे हो लोणपिंप्री! माणसं मागच्या काळात कशी जातील याचे मी नियम करत बसलोय, नाणी जमवतोय, आणि गाडी इथं, या खिडकीपासून वीस पावलांवर उभी राहते. दररोज. मला कळत नाही असं नाही. सगळं कळतं. दमलोय मी, एवढंच. त्या प्रभाकरला हाकलून हाकलून दमलोय. उद्या माझी सुट्टी आहे, सोमवारी अभिमनभाऊ वही न्यायला येणार, उद्या दिवसभर बसून शेवटचं प्रकरण लिहून टाकायचं, पोराला धुळ्याला पाठवायचं, हात हातात, संपलं —

हो, ऐकलं मी. म्हणजे उद्याही लिहायलाच बसणार का, असंच विचारलंत ना? आदल्या दिवशी? पुन्हा? — तुम्हाला काय करायचंय हो ताई? तुम्ही प्रवासी आहात, गाडीची चौकशी करा. आगाऊपणा नको.

...माफ करा. उन्हानं डोकं फिरतं.

ती बघा, आली. शिरपूर आली. दोन अठ्ठावन्न. काय म्हटलं होतं मी? — उठू नका, थांबू दे तिला, सगळे उतरू देत. तो का तुमचा भाऊ? पांढरी टोपी, बगलेत डांगर? अहो, घ्यायला येताना डांगर कशाला आणलंय त्यानं, शेतातलं असेल. हात करा त्याला, इकडं तिकडं बघतोय बावरून. आला, आला. काय रे बाबा, साडेबाराला कुठं होतास? — बैल आजारी होता. बघा ताई, बैल आजारी. गाडी बंद नव्हती पडली. सरळ सांगितलं त्यानं, किती सोपं असतं बघा. जा रे, जागा धर दोन, खिडकीची धर बहिणीला.

तुम्हाला एक विचारू? तुम्ही सगळ्या ते वाक्य का बोलता? तुमच्याच गावच्या बायका, मी चार वर्षं ऐकतोय. शिरपूरच्या नाही, बेटावदच्या नाही, फक्त लोणपिंप्रीच्या. भाऊ आला नाही की लगेच, गाडी बंद पडली असेल. काय रीत आहे ही तुमच्या गावाची?

कोण म्हणतं?

बेबाकाकू?

सावकाश सांगा. सावकाश. नव्या सुनेची भांडी घासून झाली, भाऊ आलेला नाही, पोरगी ओट्यावर रडत बसली की — की बेबाकाकू येते. जवळ बसते. आणि सांगते — कसं सांगते? तिच्या शब्दांत सांगा, जसं ती म्हणते तसंच.

"रडू नको बाई. गाडी बंद पडी गयी व्हई. मना भाऊनी बी पडी गयी व्हती."

स्वतःच्या सासूलाही तेच सांगितलं? जावांना? सगळ्या गावाला? वाफेचंही सांगते? रेडिएटरच्या... सुकदेवराव समोर बसलेले असतात तेव्हासुद्धा? आणि ते काय म्हणतात? — मान हलवतात.

बावीस वर्षं.

मी ते एकदा लिहिलं हो. एकदाच. पोस्टात टाकलं आणि मोकळा झालो. आणि ती रोज — तिला माहीत असून —

नाही, काही नाही. धूळ आहे. तुम्ही बसा जाऊन, तीन सतरा झाले. ही पिशवी घ्या, पाण्याची बाटली राहिली इथं. — निरोप? निरोप काय देणार मी. काही नाही. सांगा, गाडी आली होती, वेळेवर आली होती, माझ्याच — नको! नको नको, हे सांगू नका. हे अजिबात सांगायचं नाही तिला. गावासमोर तर नाहीच. तिनं एवढी वर्षं सांभाळलंय, आता मी खरं बोलून तिला खोटं पाडू? कुठली अक्कल ही!

भटू, अरे भटू, ड्युटीचा तक्ता बघ जरा, उद्या माझी सुट्टी आहे ती आहे ना रे नक्की? बदलली नाही ना कोणी? आणि ते अभिमनभाऊंचा फोन आला सोमवारी, तर सांग, वही तयार नाही म्हणावं. हिरो गेलाय. कुठं म्हणून विचारलं तर सांग माहीत नाही.

ताई, अजून इथंच? अहो, बसा ना, कंडक्टर दार लावतोय. — थांब रे बाबा, एक मिनिट थांब, सही बाकी आहे माझी. ऐका ताई. बेबाला एवढंच सांगा. सांगा, गाडी दुरुस्त झाली म्हणावं. उद्या तीन वीसला निघते. चिंचेखाली उभं राहायची गरज नाही, ऊन फार आहे, घरातच थांब म्हणावं. आणि ताट वाढ. — नाही, ते नका सांगू. ते मी मागून घेईन.

जा आता. जा म्हणतो ना! — शिरपूर, शिरपूर जाणाऱ्या प्रवाशांनी कृपया लक्ष